तुम्ही विचारलंत म्हणून: आजीला विड्या का वळू दिल्यात?

आजी गेल्यापासून नाशकात भेटणारा जो तो हेच विचारतो. सत्तरी उलटलेली, खोकला लागलेला, मुलं कमावती; तरी तिकडे सिन्नरला तिला विड्या का वळू दिल्यात?

वळू दिल्या नाहीत. ती वळत होती. तिने परवानगी मागावी असं आमच्यात कुणी नव्हतं.

काम बसल्या जागेचं, म्हणून सोपं वाटतं. तेंदूची पानं भिजवून, निथळून, रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवायची. ओल कमी पडली तर वळताना पान चिरतं, जास्त राहिली तर विडीला बुरशी धरते. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवायचं आणि जाड शीर टाळून कात्रीने कापायचं. एका विडीला पाव ग्रॅमच्या आसपास तंबाखू, म्हणजे हजाराला पाव किलो. वळून झाली की दोरा, मग लोखंडी काडीने तोंड मुडपणं. पंचवीसचं एक बंडल. दोरा आत्या बांधायची, तोंडं आम्ही पोरं मुडपायचो. पान-तंबाखू कारखान्यातून मिळायची, वळलेल्या विड्या तिथेच द्यायच्या; त्यांचा हिशेब लागायचा त्या कार्डावर नाव एकट्या आजीचं.

एका उन्हाळ्यात तिला तळाची पानं मिळाली, भोकं पडलेली. ज्या पानातून दोन तुकडे निघायचे त्यातून जेमतेम एक निघाला. हजार भरेनात. तिने पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणलं आणि रात्री जागून हजार पुरे केले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या तपासणाऱ्याने बंडलं चिमटीत दाबून पाहिली आणि आठ बाजूला काढली. छाट, म्हणजे नापास माल. दोनशे विड्या तिच्यासमोर मोडल्या, त्यातली तंबाखू ठेवून घेतली. ती म्हणाली, "दादा, पान तुमच्याकडचंच होतं." तो म्हणाला, "वळलं तुम्ही." कार्डावर आठशे लागले. पान कसं दिलं होतं, याला कार्डात रकानाच नव्हता. विकतच्या पानाचे पैसेही गेले. घरी येऊन तिने काही न बोलता दुसऱ्या दिवशीची पानं भिजत घातली.

कच्चा माल आणि नाकारलेल्या विड्या यांच्या तंट्यासाठी 1966 च्या विडी कामगार कायद्यात तेव्हा दाद मागायची सोय होती. ते मी तिला सांगितलं, जरा जोरातच. "मागते दाद. मग उद्याचं पान कोण देईल?" तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला. आज तसं म्हणवत नाही. पण दाद मागायला हवी होती, हेही सोडवत नाही.

तेव्हा तरी थांबवायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. त्या मजुरीतून आमच्या शाळेच्या वह्या येत होत्या. आम्ही गप्प बसलो, हे खरं आहे. पुढे कमावते झाल्यावर मी दोनदा सोड म्हणालो. दुसऱ्यांदा तिने सूप मांडीवर ओढलं. "मग चहा कुणाच्या पैशानं पिऊ?" तुझेच पैसे आहेत ते, असं मी म्हणालो. ते तिला पटलं नाही, आणि आता मलाही पटत नाही.

खोकल्याचं म्हणाल, तर तो तंबाखूच्या धुळीने वाढतो. आम्ही तिची जागा खिडकीशी केली, तोंडाला फडकं बांधायला दिलं. पण वाऱ्याने सुपातली तंबाखू उडायची, वजनात तूट यायची. म्हणून आमची पाठ वळली की ती खिडकी लावून घ्यायची.