डिकीत अँप, बॉनेटखाली फ्यूज: स्विफ्टची वायरिंग पुन्हा पहिल्यापासून

पहिल्या रविवारी नवीन काहीच बसवलं नाही, जुनंच उकललं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून मोनो अँप, म्हणजे एकट्या वूफरला (जाड, खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) ताकद देणारा ॲम्प्लिफायर, बसवून घेतला होता. आवाज वाढवला की ठेक्यागणिक हेडलाइट मंद व्हायचे आणि वूफरचा आवाज फाटायचा. अँपच हलका असेल असं मी धरून चाललो होतो. तो ठणठणीत निघाला, खोट वायरिंगमध्ये आणि सेटिंगमध्ये होती.

मे महिन्यात जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणून काम सकाळी सहा ते नऊ, अंगणातल्या निंबाखाली. सुरुवात दहा नंबरच्या पान्याने: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढलं. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून हा क्रम चुकवू नका.

डॅशखालचं पॅनल काढलं आणि पोटात गोळाच आला. पॉवरची वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, उघड्या भोकातून तशीच ओढलेली, भोकाच्या धारेवर बसणारं रबरी कडं (ग्रोमेट) नाही. पत्र्याच्या धारेवर घासून इन्सुलेशन अर्धं कापलं गेलं होतं. आणि फ्यूज होता कुठे? डिकीत, अँपच्या शेजारी!

इथे थोडं थांबतो, कारण हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत असणार. अँपचं संरक्षण करायला अँपवर स्वतःचा फ्यूज असतोच, माझ्या अँपवर ४० अँपिअरचा आहे. मेन फ्यूज असतो तो वायरसाठी. बॅटरीपासून डिकीपर्यंत जवळपास पाच मीटर वायर. ती मध्ये कुठेही पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. तो करंट डिकीतल्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. फ्यूज शाबूत राहतो आणि वायर कार्पेटखाली लाल होते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर, शक्य तितका जवळ.

आप्पा चहा घेऊन आले. ‘सकायपासून काय करी ऱ्हायना रे?’ कापलेली वायर दाखवली. केळीच्या मळ्यातल्या मोटरला फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली की काय होतं, ते त्यांनी जन्मभर पाहिलंय. मला एक शब्द जास्त सांगावा लागला नाही.

दुसऱ्या रविवारी नवी वायर. जुनीवर ८ गेज छापलं होतं (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), पण ब्लेडने तार खरवडल्यावर आतून चांदीसारखी पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. हिशेब असा: ३०० वॅट आरएमएसचा (सलग मिळणारी ताकद) क्लास डी अँप, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर साडेतेरा व्होल्टला साधारण २८ अँपिअर. ८ गेज शुद्ध तांब्यात पाच मीटरवर ०.३ व्होल्ट वाटेतच पडतात, मुलाम्याच्या वायरीत त्याच्या दीडपट. मी ४ गेज तांबं घेतलं, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. पडझड ०.१ च्या आसपास आली. पैसे जास्त गेले, पण पुढे दरवाज्यांच्या स्पीकरसाठी दुसरा अँप आला तरी हीच वायर पुरेल. आज अँप एकच, म्हणून मेन फ्यूज ५० चा.

फायरवॉलमधून वायर रबरी ग्रोमेटमधूनच नेली, इंजिनाच्या बाजूला वर कोरुगेटेड पाइप. आरसीए (स्टिरिओपासून अँपला गाण्याचा सिग्नल नेणारी केबल) आणि रिमोट (अँप चालू करणारी बारीक वायर) गाडीच्या दुसऱ्या कडेने. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

अर्थिंगवर, म्हणजे अँपचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडण्यावर, मात्र एक सकाळ घालवली. दुकानदाराने सीटबेल्टच्या बोल्टला, रंगावरच लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळला होता. जीव वाचवणारा बोल्ट अर्थिंगसाठी कधीच खोलू नये. मी डिकीच्या तळाला बॉडीवरचा दुसरा बोल्ट शोधला, पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकला. वायर ४ गेजचीच, लांबी ४० सेंटिमीटर. आवळून झाल्यावर गंज लागू नये म्हणून वरून रंगाचा हात. इंजिन चालू, वूफर जोरात, मल्टीमीटरचं एक टोक अँपच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. उकलण्याआधी ०.६ व्होल्ट होते, आता ०.०८. हेडलाइट स्थिर!

तिसऱ्या रविवारी अँप मागच्या सीटच्या पाठीला १२ मिलिमीटरच्या प्लायवर लावला, फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या) उभ्या, मागे हवेला बोटभर फट. वूफरच्या खोक्यावर लावला नाही, थरथरीने स्क्रू ढिले होतात. गाडीत कुठेही ड्रिल चालवण्याआधी खाली वाकून बघा, मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते.

शेवटी गेन, म्हणजे स्टिरिओचा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते सेटिंग. वूफरची वायर काढून, बेस-ट्रेबल शून्यावर, स्टिरिओ ४० पैकी ३० वर, ५० हर्ट्झचा टोन, आणि मीटर अँपच्या वूफरच्या टर्मिनलवर. अँपचे ३०० वॅट गुणिले वूफरचे ४ ओहम, त्याचं वर्गमूळ ३४.६ व्होल्ट, यापुढे जायचं नाही. जुन्या सेटिंगला मीटर ४१ दाखवत होता, म्हणजे अँप रोज क्लिप होत होता, ताकदीबाहेर ढकलल्यामुळे आवाजाच्या लाटेचे शेंडे कापत होता. आवाज फाटण्याचं कारण हेच! गेन ३४ वर आणला.

दुपारी भर उन्हात भुसावळपर्यंत गेलो. वाटेत अहिराणी गाण्यांची हलगी लावली, आवाज घट्ट आणि कोरडा, थाप संपली की संपते. पोचल्यावर अँपवर हात टेकवता आला. आता नंबरप्लेट खडखडते. पुढच्या आठवड्यात डिकीच्या दरवाज्याला आतून ब्यूटाइल शीट (थरथर शोषणारा चिकट रबरी थर) लावणार आहे.