लार्कस्परला थंडी लागते आणि अंधारही

लार्कस्पर हे निळ्या फुलांचं फुलझाड. त्याचं बी बघून आमच्या निफाडकडच्या, कांद्याच्या मुलखातल्या कुणालाही कांद्याचं बीच आठवेल. तसंच काळं, तसंच सुरकुतलेलं. मीही ते कांद्यासारखंच टाकलं. गणपती उठल्यावर, सप्टेंबरात, उघड्या ट्रेमध्ये. २०० बियांपैकी ११ रुजल्या. ती रोपं उपटून वाफ्यात लावली, तर आठवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या. कांद्याचं रोप उपटून लावलेलं चालतं. लार्कस्परचं सोटमूळ एकदा दुखावलं की रोप सावरत नाही. फार जिवाला लागलं तेव्हा.

पुढच्या वर्षी ताजं बी आणलं, कारण जुन्या बियाची उगवणशक्ती लवकर जाते. उगवायला त्याला १० ते १५ अंशांचा थंडावा लागतो आणि अंधार लागतो. म्हणून बी ओलसर वाळूत मिसळून १० दिवस फ्रिजमध्ये ठेवलं. आमची जमीन काळी, पाणी धरणारी, आणि साचलेल्या पाण्यात ही मुळं कुजतात. त्यासाठी वीतभर उंच गादीवाफा केला, वाळू आणि चाळलेलं शेणखत घालून. नोव्हेंबर लागताच रेघा ओढून बी पाव इंच खोल टाकलं, झारीने पाणी दिलं आणि वर ओलं गोणपाट अंथरलं.

रोज सकाळी गोणपाटाचं टोक उचलून बघायचे. १६ दिवस नुसती माती. १७व्या दिवशी एका रेघेत मातीला केसाएवढे तडे गेले होते, आणि एका तड्यातून दोन टोकदार पानं वर आली होती. गोणपाट लगेच काढलं. झाकून राहिलं असतं तर कोंब पिवळे पडून लांबले असते.

विरळणीला हात धजत नव्हता, तरी ९-९ इंचांवर एकेकच रोप राखलं. कोवळी पानं कोथिंबिरीच्या जवळ जातात आणि हे झाड बियांसकट विषारी आहे. घरात सगळ्यांना बजावलं, वाफाही भाजीपासून आणि गुरांच्या वाटेपासून लांब घेतला होता.

डिसेंबरभर रोपं जमिनीला चिकटून बसली. जानेवारीअखेर दांडे उठले, कमरेएवढे झाले, बांबू-सुतळीचा आधार दिला. फेब्रुवारीत पहिला निळा दांडा उमलला. प्रत्येक फुलाच्या मागे निमुळती, शेपटीसारखी नळी.

खालची ४-५ फुलं उमलली आणि शेंड्याच्या कळ्या मिटलेल्या असल्या की ऊन चढायच्या आत कापायचे. पहिली बादली स्वयंपाकघरात पिकत्या केळ्यांशेजारी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावर निळ्या पाकळ्यांचा सडा. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, तो या फुलांना सोसत नाही. नंतरचे दांडे पडवीत ठेवले, ते आठवडाभर टिकले.

पाच दांडे कापलेच नाहीत. मार्चमध्ये शेंगा तपकिरी झाल्या, तडकायच्या आत कागदावर झाडून घेतल्या. ते बी आता बाटलीत, फ्रिजमध्ये आहे, बाटलीवर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावून.