चार झोपा आणि एक भारतीय राजकन्या

एका जपानी दंतकथेतला तेन्जिकू, म्हणजे आपला भारत. तिथल्या एका राजाला कोन्जिकी-हिमे नावाची मुलगी होती. आई वारली, सावत्र आई आली आणि छळ सुरू झाला. आधी तिला सिंहांच्या डोंगरात सोडलं, तर सिंहाने पाठीवर बसवून परत आणलं. ससाण्यांच्या डोंगरात टाकलं, तर ससाण्यांनीच तिला खाऊ घातलं. नावेत घालून ओसाड बेटावर पाठवलं, तिथे कोळ्यांनी वाचवलं. शेवटी राजवाड्याच्या अंगणात जिवंत पुरलं, पण जमिनीतून उजेड येऊ लागला आणि राजाने तिला उकरून काढलं. आता इथे ही जगणार नाही हे ओळखून बापानेच तिला तुतीच्या लाकडाच्या नावेत बसवून समुद्रात सोडलं. नाव लागली जपानच्या किनाऱ्याला, आजच्या इबाराकी प्रांतात. एका म्हाताऱ्या जोडप्याने तिला लेकीसारखं सांभाळलं, पण ती आजारी पडून गेली आणि तिच्या देहाचे रेशीमकिडे झाले.

रेशमाची अळी कोष विणण्याआधी चार वेळा खाणं सोडून निश्चल होते आणि कात टाकते. इकडे जपानात जुन्या लोकांनी त्या चार झोपांना सिंह, ससाणा, नाव आणि अंगण अशी नावं दिली आहेत. इतिहास विचाराल तर रेशीम जपानला चीनकडूनच आलं. तरीही आपल्या देशाची म्हणून एक सोसणारी मुलगी इथल्या शेतकऱ्यांनी देवी मानली, हे कळलं तेव्हा मला भरून आलं.

मी राहते तो गुन्मा प्रांत आजही जपानात कोष पिकवण्यात पहिला आहे. आमच्या शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी हंगामात घरातल्या चांगल्या खोल्या अळ्यांना दिल्या जायच्या आणि माणसं कोपऱ्यात झोपायची. शेवटच्या आठवड्यात अळ्या इतक्या खातात की रात्रभर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. उंदीर अळ्या खातात, म्हणून मांजराला मान. मांजर नसेल तर मांजराचं चित्र भिंतीवर. जानेवारीच्या मध्याला कोषाच्या आकाराचे तांदळाच्या पिठाचे गोळे फांदीला टोचून चांगलं पीक मागायचं. हे सगळं बायकांच्या हातचं काम. गुन्माच्या बायका खंबीर असं जपानभर म्हणतात, त्यामागे हा रेशमाचा पैसा आहे.

इथून जवळच तोमिओकाची रेशीम गिरणी आहे. युरोपात रेशीमकिड्यांवर रोग पडला आणि १८५९ मध्ये योकोहामा बंदर उघडल्यावर जपानी रेशमाला भरमसाट मागणी आली. पण घाईत कातलेला धागा वाईट निघू लागला. म्हणून सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच माणसाला नेमून १८७२ साली ही गिरणी सुरू केली. लाकडी सांगाड्यात विटा, आत कोष उकळत्या पाण्यात ठेवून धागा काढायच्या ३०० कढया. फक्त मुली येईनात! परदेशी लोक रक्त पितात अशी अफवा होती. ती त्यांची लाल वाइन होती. तेव्हा पहिले व्यवस्थापक ओदाका यांनी आधी स्वतःची किशोरवयीन मुलगी, यू, कामाला आणली.

पुढच्या वर्षी नागानोच्या मात्सुशिरोहून सामुराई घराण्यातल्या मुली आल्या. त्यातल्या एई नावाच्या मुलीने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून आपल्याला तिथलं आयुष्य कळतं. ती शिकून गावी परतली आणि तिथल्या नव्या गिरणीत इतरांना शिकवू लागली. गरम पाण्यातल्या कोषांची टोकं शोधायची, अनेक कोषांचे तंतू एकत्र ओढायचे, एक तुटला की दुसरा जोडायचा, जाडी एकसारखी ठेवायची. एका कोषातून किलोमीटरहून लांब तंतू निघतो.

सुरुवातीला तोमिओकात रविवारी सुट्टी होती, तास माफक होते. नंतरच्या खासगी गिरण्यांत मुलींचे फार हाल झाले. १८८६ मध्ये कोफू शहरातल्या एका गिरणीत शंभरावर बायकांनी संप केला, तो जपानमधला गिरणी कामगारांचा पहिला संप मानतात. जपानची आगगाडी, जहाजं, कारखाने ज्या परकीय चलनातून उभे राहिले, त्यातलं फार मोठं चलन या मुलींच्या भाजलेल्या बोटांनी कमावलं आहे. मला वाटतं, गिरणीत ब्रुनाच्या घराआधी त्यांची वसतिगृहं दाखवायला हवीत.

आपला धागाही इथे जोडलेला आहे. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला आले होते. पुढे त्यांनी बंगळूरला जपानी जाणकार आणून रेशीम फार्म काढला. येवल्याच्या पैठणीला लागणारं रेशीम आजही मुख्यतः कर्नाटकातून येतं.

तोमिओका गिरणीच्या शेवटच्या मालकाने, काताकुरा कंपनीने, १९८७ मध्ये यंत्रं थांबवली, पण पुढची १८ वर्षं इमारत ना विकली, ना भाड्याने दिली, ना पाडली. २००५ मध्ये ती शहराच्या हवाली केली आणि २०१४ मध्ये ती जागतिक वारसा झाली. जपानला आलात तर टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ताकासाकी आणि तिथून जोशिन मार्गाची छोटी गाडी पकडा. जोशू-तोमिओका स्टेशनवरून गिरणी चालत जाण्याइतकी जवळ आहे. आत कोष उकळून धागा काढण्याचं प्रात्यक्षिक असेल, तर ते आवर्जून बघा.