आमची वाटचाल: दोन खोल्या, 21 संस्था आणि एफ-दोन

2006 मध्ये सांगलीत विश्रामबागला दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करायला बसलो. डेटाबेस (खात्यांची माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) मायएसक्यूएल, कारण तो फुकट होता.

2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने शंभर कोटी डॉलरला मायएसक्यूएल घेतलं. वाटलं, चांगल्या घरी पडलं. पुढच्याच वर्षी ओरॅकलने 740 कोटी डॉलरला अख्खी सनच घ्यायचं ठरवलं आणि आमच्या पोटात गोळा आला. डेटाबेस विकून मोठा झालेला माणूसच आपल्या फुकट डेटाबेसचा मालक! ओरॅकलचा डोळा खरा सनच्या जावा या प्रोग्रामिंग भाषेवर आणि सर्व्हरवर. त्यांचा स्वतःचा बराच माल जावावर उभा होता. मायएसक्यूएल म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. जानेवारी 2010 मध्ये व्यवहार पुरा झाला, ऑगस्टमध्ये जावावरून गूगलवर दावाही लागला. (2021 मध्ये गूगल जिंकलं.) मायएसक्यूएलच्या कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोवर मारियाडीबीची वेगळी चूल मांडली होती. पहिल्या डेटाबेसला थोरल्या लेकीचं नाव, दुसऱ्याला धाकटीचं. एका शनिवारी दिवसअखेर उरकून आम्हीही तिकडे गेलो. मायएसक्यूएल आजही मोफत मिळतं, म्हणजे आमची धावपळ तशी वायाच.

ओरॅकलला आम्ही चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं नावं ठेवली. मग 2019 मध्ये जयसिंगपूरची एक छोटी फर्म आम्हीच विकत घेतली. त्यांचं सॉफ्टवेअर मी उघडूनसुद्धा बघितलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) किती संस्थांची?" एकवीस. भाव त्यावरच ठरला. वर्षभरात सगळ्या संस्था आमच्या सॉफ्टवेअरवर आणल्या, त्यांचं बंद केलं. ते लिहिणारा पोरगा चौथ्या महिन्यात पुण्याला गेला.

मग एका संस्थेच्या कॅशियर बाईंचा फोन. "साहेब, जुनं बरं होतं हो. पिग्मी भरून सहाला घरी जायचे, आता साडेसात होतात." जाऊन बघितलं. जुन्यात एजंटची सगळी खाती एका पानावर, रक्कम टाकायची, एंटर मारत सुटायचं. आमच्यात दर खात्याला तीन क्लिक!

तसं पान करायला आठ महिने लागले. बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "जुन्यात एफ-दोन दाबलं की कालचा भरणा दिसायचा." त्यावर काम चालू आहे.