‘आत कोणी आहे का?’ : इलेक्ट्रिकलच्या काउंटरवरचा माझा अनुभव

पुण्यात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करताना मी संध्याकाळी एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात काम केलं. काम मिळणं, माल ओळखणं, बिलं करणं पटापट जमलं. अडलं ते गिऱ्हाइकांपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं आणि माझ्या डोक्यावरून आत नजर टाकतं. “बाळ, आत कोणी आहे का?” काउंटरवर मी उभी असताना! सोबत कॉमर्सचा एक मुलगा होता. अँपिअर म्हटलं की तो माझ्याकडे बघायचा, तरी लोक त्यालाच विचारायचे. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, तर म्हणायचे, “अरे, तूच सांग ना.”

एक काका आले. गिझर लावला की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, म्हणून ३२ अँपिअरचा हवा होता. मी विचारलं, “वायर कितीची आहे?” “ते तुला काय करायचंय?” मी तरीही सांगितलं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. लाइटच्या लाइनवरचा ६चा एमसीबी पडणारच, आणि पडायलाच हवा. एमसीबी वायर वाचवायला असतो. दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरवर ३२चा बसवला तर वायरला झेपणार नाही एवढा लोड आला तरी तो पडणार नाही, वायर मात्र भिंतीच्या आत तापत राहील. गिझरला मेन बोर्डापासून अडीचची वेगळी लाइन ओढा, तिला १६चा एमसीबी लावा. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मालकांना बोलाव.” मालक आले. त्यांनी हेच सांगितलं, तेही अर्धंच. “हां, आता कळलं.” पैसेसुद्धा मालकांच्याच हातात दिले.

त्या रात्री मी मालकांना स्पष्ट बोलले, “तुम्ही उत्तर दिलंत की मी सांगितलेलं फुकट जातं.” माणूस समजूतदार. पुढं कोणी आत डोकावलं की ते गल्ल्यावरूनच म्हणायचे, “त्यांना विचारा, विषय त्यांचा आहे.” याचाच सर्वात जास्त उपयोग झाला. म्हणून मैत्रिणींनो, काम धरण्याआधी मालक पाठीशी उभा राहील का हे विचारून घ्या. पगाराचं त्यानंतर.

दुसरं, गिऱ्हाइकाच्या आधी आपण प्रश्न विचारायचा. “पंखा हातानं फिरवला की सुरू होतो का?” होत असेल तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे पंख्याला फिरायला सुरुवात करून देणारा भाग, गेलेला असतो. लोक उत्तर द्यायला लागले की समोर मुलगी आहे हे विसरतात. आपलं शिक्षण मात्र सांगू नका, लगेच परीक्षा घेतात. वॅट भागिले व्होल्ट एवढं गणित चिठ्ठीवर मांडून दिलं की हुज्जत कमी होते.

माझी बोली लातूरकडची. “कुठलं गाव? तरीच!” हेही ऐकलं. बोली मी बदलली नाही, तुम्हीही बदलू नका.

वायरमन लोकांचा त्रास सगळ्यात आधी थांबला. त्यांना योग्य माल झटपट हवा असतो. काही दिवसांत फोन मलाच यायला लागले, “ताई, अडीचचे दोन बंडल काढून ठेवा, एक लाल, एक काळं.”

आणि सोडताना अनुभवाचं पत्र नीट वाचा. माझ्या पत्रात ‘काउंटर मदतनीस’ लिहिलं होतं. मी ते बदलून ‘विक्री व तांत्रिक सल्ला’ असं करून घेतलं, मगच घेतलं.