तानसेनच्या इस्पितळात पाच आठवडे

नेपाळमधल्या तानसेन गावच्या मिशन हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून विनामूल्य सेवेला गेले होते. तिसऱ्याच दिवशी एका दिदीने विचारलं, ‘डोको कहिलेदेखि बोक्न मिल्छ?’ म्हणजे, डोको कधीपासून वाहता येईल? डोको म्हणजे बांबूची पाटी. तिचा पट्टा कपाळावर घेऊन ओझं पाठीवर वाहायचं. गुरांसाठी पाला तोडताना ही बाई झाडावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. तिथे असे रुग्ण सतत येतात. पुण्यात मी गुडघा किती अंश वाकला ते मोजते. तिला एवढंच हवं होतं, की भारा घेऊन घरची चढण चढता यावी.

मग आम्ही डोकोच मागवला. सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून आधी दोन ठेवल्या, पुढे चार. सोबतच्या नातेवाइकाला तिथे ‘कुरुवा’ म्हणतात. तिची सून कुरुवा होती. व्यायाम मी सुनेलाच शिकवला, कारण घरी गेल्यावर तीच करून घेणार. पाचव्या आठवड्यात दिदी दहा बाटल्या घेऊन जिना चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, अजून ठेवा.

तानसेन नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, साधारण १३५० मीटरवर आहे. मिशन हॉस्पिटल १९५४ पासून चालतंय, आणि आसपासच्या डोंगरांतून लोक दिवसदिवस प्रवास करून येतात. मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सुनौली, सीमा ओलांडून भैरहवा, बुटवल आणि मग घाट. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, तेव्हा ऑक्टोबरनंतरच जा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, तरी पासपोर्ट जवळ असू द्या. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात.

खरा वेळ कागदपत्रांना लागतो. सेवा विनामूल्य असली तरी नोंदणी चुकत नाही: डॉक्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची, नर्सना नर्सिंग कौन्सिलची, आमच्यासारख्यांना हेल्थ प्रोफेशनल कौन्सिलची. काही महिने आधीच इस्पितळाला लिहा. आणि महिन्यापेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. पहिला आठवडा तुम्हाला शिकवण्यातच तिथल्या लोकांचा जातो.

तारखा जपा. सगळे कागद विक्रम संवतात असतात. नेपाळी कार्तिक सौर आहे, ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो, आपला दिवाळीच्या पाडव्याला. एका मुलाच्या केसपेपरवरचा कार्तिक मी आपला समजले आणि त्याला जवळजवळ महिनाभर उशिराची तारीख सांगितली. नर्सताईंनी दारातूनच त्याला परत बोलावलं म्हणून बरं. त्या दिवसापासून नेपाळी कॅलेंडर टेबलावर ठेवलं.

लिपी आपलीच, त्यामुळे वाचता लगेच येतं. ‘कहाँ दुख्छ?’ (कुठे दुखतं?) आणि ‘बिस्तारै’ (हळूहळू) एवढं तरी पाठ करून जा. सुट्टी शनिवारी असते, रविवारी कामावर हजर. नोव्हेंबरात पहाटे फार गार पडतं, तेव्हा एक जाड स्वेटर आणि पायमोजे न्याच.