तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशनला इंग्लंडला का जात नाही?

परवा लॅबमध्ये रक्त द्यायला बसले होते तर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी परत तेच विचारलं. "अहो, तुम्ही एवढी वर्षं इंग्लंडला नर्स होतात, पासपोर्ट पण तिकडचाच, तिकडे सगळं फुकट असतं ना? मग इथे कशाला पैसे घालवता, ऑपरेशनपुरतं जाऊन यायचं." भाचे विचारतात, बँकेतली मुलगी विचारते, अकरा वर्षं झाली पुण्यात येऊन आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

नाही जाता येत. म्हणजे विमानात बसून जाता येतं, पण एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, आता माझी नाही.

एनएचएस 5 जुलै 1948 ला सुरू झाली, आणि ती तिथे राहणाऱ्यांची आहे. पासपोर्ट कुठला, टॅक्स किती वर्षं भरला, पगारातून नॅशनल इन्शुरन्स किती कापला गेला, ह्याच्यावर ते ठरत नाही. तुम्ही तिथे स्थायिक म्हणून राहताय का, एवढंच बघतात, त्याला ते ऑर्डिनरिली रेझिडेंट म्हणतात. मी 1975 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले, थोड्याच दिवसांत मोठ्या मुलाच्या वेळी दिवस गेले, तेव्हा माझा टॅक्स म्हणावा असा काही भरलेलाच नव्हता, तरी बाळंतपणाचा एक पेनी कुणी मागितला नाही. त्या नियमाने मला सांभाळलं. आता त्याच नियमाने मी बाहेर आहे, कारण 2014 मध्ये आम्ही दोघं कायमचे इकडे आलो, सासूबाई एकट्या होत्या आणि ह्यांचा जीव इथेच होता.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते, त्याशिवाय हे कळणार नाही. आम्ही एकाच वॉर्डात वीस वर्षं काढली, नाइट ड्यूट्या एकत्र केल्या. ती लेस्टरचीच, इंग्लिश. रिटायर झाल्यावर नवऱ्याबरोबर स्पेनला गेली, तोरेव्हिएहाला, आलिकान्तेच्या खाली समुद्राकाठचं गाव, ब्रिटिश पेन्शनर तिथे खूप. तिला इंग्लंडमधल्या सरकारी ऑफिसातून, न्यूकॅसलहून, एक फॉर्म आला, एस-वन. तो घेऊन ती तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेली, नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवला, मग गल्लीतल्या सेंत्रो दे सालुदमध्ये, म्हणजे आपल्याकडचं आरोग्य केंद्र म्हणा, नाव घातलं आणि कार्ड मिळालं. त्या दिवसापासून तिला तिथल्या माणसासारखाच डॉक्टर, तेच सरकारी हॉस्पिटल. गुडघा बदलला तिने तिथे, काही महिने थांबावं लागलं पण बिल आलं नाही. औषधांचे साधारण दहा टक्के भरते, त्यालाही महिन्याची मर्यादा आहे. तिच्या उपचाराचा खर्च ब्रिटन स्पेनला देतं, कारण पेन्शन जो देश देतो त्याने खर्च उचलायचा असा युरोपातला जुना करार आहे. फ्रान्सला गेलेल्यांनाही एस-वन चालतो, फक्त तिथे डॉक्टरच्या फीचे साधारण सत्तर टक्केच परत मिळतात, बाकीच्यासाठी लोक वेगळा विमा काढतात.

ब्रेक्झिटच्या वेळी, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तेव्हा, ती खूप घाबरली होती. 2016 च्या मतदानानंतर रात्री फोन करायची, आता ह्या वयात घर विकून परत जायचं का म्हणून. पण 31 डिसेंबर 2020 च्या आधी जे तिथे राहत होते त्यांचे हक्क करारात राखले, नंतर जाणाऱ्या पेन्शनरांसाठीही पुढच्या करारात एस-वन राहिला. अडकतात ते लवकर रिटायर होणारे, कारण त्यासाठी सरकारी पेन्शन सुरू असावी लागते आणि ते वय 2026 पर्यंत 66 होतं, आता हळूहळू 67 कडे चाललंय. तिचा शेजारी 58 व्या वर्षी गेला, आधी प्रायव्हेट विमा काढला, एक वर्ष झाल्यावर महिना 60 युरो भरून तिथल्या सरकारी सेवेत शिरला, औषधं मात्र पूर्ण पैसे देऊन.

भारताशी ब्रिटनचा असा करारच नाही. ना एस-वन, ना दुसरं काही.

2019 ला मुलीकडे लेस्टरला गेले होते, पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, एक्स-रे, प्लास्टर सगळं फुकट, ते कुणालाही फुकटच असतं. पण पुढच्या आठवड्यात फ्रॅक्चर क्लिनिकला बोलावलं तेव्हा एक मुलगी फॉर्म घेऊन आली आणि हळू आवाजात विचारलं, तुम्ही राहता कुठे? मी खरं सांगितलं. इंग्लंडमध्ये आमच्यासारख्यांना ए अँड ई नंतरच्या हॉस्पिटलच्या उपचारांना ठरलेल्या दराच्या दीडपट आकारतात. प्रवासाचा विमा होता म्हणून निभावलं. माझी मैत्रीण तशीच पडून त्याच क्लिनिकला आली असती तर तिला काही लागलं नसतं, कारण एस-वनवाल्यांना भेटीला आल्यावर तिथे राहणाऱ्यांसारखंच धरतात. मला त्या मुलीचा राग नाही आला, ती तिचं काम करत होती, पण घरी येऊन रडले.

काही जण सुचवतात की सांगायचं, कायमची परत आले. खरंच कायमचं राहायला गेलं तर पहिल्या दिवसापासून एनएचएस मिळते, पण ऑपरेशन करून महिन्याने परत यायचं ठरवून असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ज्या वॉर्डात मी बेडची वाट बघणारी माणसं बघितली आहेत तिथे ते माझ्याने होणार नाही. राहणाऱ्यांना उपचार, हा नियम मला आजही पटतो.

मला जे पटत नाही ते दुसरंच आहे आणि ते कुणी विचारत नाही. पेन्शन. माझी नोकरीची एनएचएस पेन्शन दरवर्षी वाढते, पण सरकारची स्टेट पेन्शन भारतात आलं की गोठते. 2014 मध्ये ही स्टेट पेन्शन (बेसिक) आठवड्याला 113.10 पाउंड होती, मला आजही तेवढीच येते. मैत्रिणीला तेव्हा तेवढीच होती, तिला 2025-26 मध्ये 176.45 झाली. 2023 च्या एप्रिलमध्ये तर एकदम 10.1 टक्के वाढ झाली, तिला. सारखीच वर्षं भरली आम्ही, सारखाच स्टँप, म्हणजे तो नॅशनल इन्शुरन्स. वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या वर फरक पडतो. स्पेनला वाढ, अमेरिकेला वाढ, फिलिपिन्सला वाढ, आणि भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथल्यांना नाही, साडेचार लाखांच्या आसपास माणसं आहेत अशी. लोक कोर्टात गेले, स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टापर्यंत गेले, 2010 मध्ये तिथेही हरले.

हे उपचारांपासून वेगळं वाटेल पण नाही. तिचे उपचार ब्रिटन भरतं आणि पेन्शनही वाढवतं. माझे उपचार मीच भरायचे, ठीक आहे, मग निदान भरायला पैसे तरी वाढू द्या ना. हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता दरवर्षी वाढत आता जवळजवळ दोन महिन्यांच्या स्टेट पेन्शनएवढा झालाय. आम्ही आलो तेव्हा आधीच्या आजारांना चार वर्षं थांबावं लागायचं आणि ह्यांना बीपी, शुगर दोन्ही. दुसऱ्याच वर्षी ह्यांची बायपास झाली, क्लेम नाकारला गेला, एफडी मोडल्या. ह्यांनी त्या दिवसांत एकदाही म्हटलं नाही की तिकडेच राहायला हवं होतं, पण मला माहितीये मनात आलं असणार.

तर तुमच्या ओळखीत कुणी तिकडून कायमचं परत यायचं ठरवत असेल तर एवढं सांगा. आल्या आल्या, पहिल्याच महिन्यात, इथला इन्शुरन्स काढायचा आणि सगळे आजार खरे लिहायचे. 2024 पासून ती चार वर्षं कमी होऊन जास्तीत जास्त तीन झाली आहेत आणि वयाची 65 ची अटही काढलीये, पण घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं. स्टेट पेन्शन कुठल्या आकड्यावर गोठणार ते निघायच्या आधी लेखी विचारून ठेवायचं. आणि जीपीकडून, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडून, आपली पूर्ण फाइल मागून घ्यायची, मागितली की देतात. मी नव्हती आणली, इथे ह्यांच्या जुन्या ईसीजीसाठी आयसीयूच्या बाहेरून लेस्टरला फोन लावत बसले होते.